वरळीच्या बीडीडी चाळी : आधी घर की आधी तुरुंग?

प्रश्न : माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातून गिरणीत कामाला आले आणि वरळीच्या बीडीडी चाळीत गावच्या मंडळाच्या खोलीत राहिले. या चाळी इंग्रजांनी तुरुंग म्हणून बांधल्या आणि पुढे लोकांना राहायला दिल्या, असे आमच्या घरात सांगतात. हे खरे आहे काय? आणि एवढ्याशा खोलीत पंधरा-पंधरा माणसे मावत कशी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या घरातल्या सांगण्यात तथ्य आहे, मात्र क्रम उलटा झाला आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी कामगारांना राहण्यासाठीच बांधल्या, आणि त्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता; उभ्या राहिल्या त्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. तेथील भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते आणि गिरण्याही लांब, त्यामुळे बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात नेहमीचे तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने यांतल्याच काही चाळींमध्ये सत्याग्रहींना डांबले. कामगारांसाठी बांधलेल्या घराचा तुरुंग झाला आणि त्याच तुरुंगात पुन्हा कामगारांचे बिऱ्हाड आले, हा खरा क्रम आहे.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. खोली साधारण १६० चौरस फुटांची. एका मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा बोळ, नळ आणि संडास सामाईक. गावच्या मंडळाची खोली एका माणसाची नसे, ती गावाची असे. भिंतीला लागून रचलेली एकेक पत्र्याची ट्रंक आणि खुंटीवरचे कपडे एवढीच प्रत्येकाची जागा. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतला, की दिवसपाळीला गेलेल्याने गुंडाळून ठेवलेल्या वळकटीच्या जागी तो आपली वळकटी पसरत असे, आणि सगळेच घरी असत त्या सुट्टीच्या रात्री काही जण बोळात किंवा गच्चीवर झोपत. जेवण खानावळीत, तेथील बाई महिन्याचा हिशेब धरत असे. गावाहून नवा मुलगा आला, तर काम लागेपर्यंत त्याची वर्गणी मागितली जात नसे, आणि माझ्या मते गिरणगाव उभे राहिले ते या एका रिवाजाच्या बळावर.

या चाळी आता पाडल्या जात असून रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, ही न्याय्य गोष्ट आहे. आजोबांच्या मंडळाची वर्गणीची वही गावात कोणाकडे आहे, याची मात्र आपण लवकर चौकशी करावी. त्या खोलीत कोण कधी आले आणि किती दिवस राहिले, हे दुसऱ्या कुठल्याही कागदावर सापडणार नाही.