पेटीसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : भुसावळला राहतो, वय ४१, खासगी नोकरी, हातात ४६,००० येतात. घरात आम्ही चौघं. नुकतंच एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं. पुण्याहून दर आठवड्याला सेंद्रिय धान्य-भाजीची पेटी मागवायचा विचार आहे. महिन्याला ६,८००, वर्षाचे एकदम भरले तर ७२,०००. तब्येत सुधारेल, पर्यावरणालाही हातभार लागेल. १,१०,००० ची एफडी मोडून भरू का? सध्या खाण्यापिण्यावर ९,५०० जातात. पेटी घेतली तरी दूध, तेल, साखर, मसाल्याला ६,००० लागतीलच. आरोग्य विमा फक्त नोकरीतला आहे.

उत्तर : नमस्कार भाऊ. एफडी मोडू नका.

९,६०० ची सूट दिसते म्हणून मन तिकडे ओढ घेतं. पण तुमचेच आकडे मांडा : सवलतीनंतर पेटी महिन्याला ६,००० ला पडते, वरचे ६,०००, म्हणजे १२,०००. आजच्यापेक्षा २,५०० जास्त, वर्षाला ३०,०००. शिवाय एफडीत उरणार ३८,०००, म्हणजे एका पगाराइतकेही नाहीत. आणि वर्षाचे पैसे आगाऊ देणं म्हणजे त्या विक्रेत्याला बिनतारण उसने देणं. चार महिन्यांनी पेटी बंद पडली तर कोणाच्या दारात उभे राहणार?

आता पेटीत काय आहे ते बघू. तुम्ही पाठवलेल्या यादीत ओट्स, लाल तांदूळ, क्विनोआ, ब्रोकोली. पुणे-भुसावळ अंतरावर जाऊ नका. अन्नाच्या प्रदूषणात वाहतुकीचा वाटा बहुधा लहानच असतो. मोठा फरक पडतो तो काय पिकवलं आणि किती फेकलं यानं. पाणी साठवून पिकवलेल्या भातातून हवामान तापवणारा मिथेन वायू निघतो. आपली दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, मात्र काळ्या जमिनीतल्या ओलीवर, थंडीत, बऱ्याचदा पाण्याची पाळी न देता येते. धान्य आपल्याला, कडबा गुरांना. आणि भुसावळच्या मे महिन्यात कुरिअरनं आलेली पालेभाजी किती शिल्लक राहील, हे मी सांगायला नको.

चौघांना रोज मिळून आठ भाकरी धरल्या तर वर्षाला साधारण दोन क्विंटल ज्वारी लागते. फेब्रुवारी-मार्चनंतर नवी दादर बाजारात येते, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. भाव साध्या ज्वारीपेक्षा जास्त असेल, तरी पेटीतल्या धान्याशी किलोमागे ताडून बघा. अडचण भावाची नसते, एकदम रक्कम काढायची असते. म्हणून आतापासूनच दरमहा थोडी रक्कम आरडीत टाका. ऊन दाखवून, कडूलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचं, हे घरातल्या बायांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यातली थोडी ज्वारी उडदासोबत दळून कळण्याची भाकरी करा, डाळीचाही भाग पोटात जाईल. सोबत अंबाडी, मेथी, हिवाळ्यात भरताची वांगी. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग मात्र कोणत्याही सेंद्रिय पेटीनं पुसला जात नाही.

भाकरी औषध नव्हे, हेही ध्यानात ठेवा. ज्वारीतही पिष्टमय भाग भरपूर. दोनच्या चार झाल्या तर साखर वाढणारच. किती खायचं ते डॉक्टरांना विचारा.

माझ्या लेखी या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ शेवटची आहे, विमा फक्त नोकरीतला असल्याची. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उद्या निदान झालं तर वैयक्तिक विमा महाग होईल किंवा अटी लागतील, आणि नोकरी सुटली की नोकरीतलं कवचही गेलं. तेव्हा वाढीव ३०,००० मधून आधी फॅमिली फ्लोटरचं, म्हणजे चौघांच्या एकत्रित आरोग्य विम्याचं, कोटेशन काढा. ६.१ चा रिपोर्ट अर्जात लपवू नका, दावा त्यावरच अडतो. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं असतो, त्यामुळे जितकं लवकर तितकं बरं. वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे.

तरी पेटीची हौस असेल तर एक महिना, महिन्याचेच पैसे देऊन, डिसेंबर-जानेवारीत मागवा. पाकिटावर सेंद्रिय प्रमाणपत्राचं चिन्ह आहे का बघा आणि किती भाजी फेकली ते फ्रिजवर लिहून ठेवा. वर्षाच्या करारावर सही त्यानंतरही करता येते.