साठ युनिट्स आणि एक डब्ल्यू

“ताई, हिला बर्कलीत थेट तिसऱ्या वर्षाला घेतील ना?”

खुर्चीत टेकायच्या आतच बाबांनी विचारलं. हातात लॅपटॉप, त्यावर एक्सेल. सॅन होजेचं कुटुंब, सप्टेंबरातला शनिवार. ऋचा (नाव बदललंय) बारावीत. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून शाळा सांभाळून डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) कोर्स करत होती. जूनपर्यंत तिची बरोबर ६० युनिट्स, म्हणजे कोर्सचे श्रेयांक, होणार होती आणि यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली तिचाच एक कॅम्पस) ट्रान्सफरसाठी, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला जायला, ६० लागतात हे बाबांनी फ्रीमाँटच्या मित्राकडून ऐकलं होतं. त्याचा मुलगा तिथल्या ओहलोनी कॉलेजमधून ट्रान्सफर झालेला.

बे एरियातले मराठी आईबाप दर सप्टेंबरात कॉलेज प्रवेशाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात, आणि तो कुठून येतो हेही मला ठाऊक आहे. बाबांनी स्वतः सांगलीत डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतला होता. अभ्यास आधी झालाय तर वर्ष का वाया घालवायचं, हा त्यांचा हिशोब तिथे चोख जमला होता.

इथे तो दोन जागी चुकत होता. पहिली चूक साधी. ओहलोनी सेमिस्टरवर (वर्षाची दोन सत्रं) चालतं, डी अँझा क्वार्टरवर (तीन छोटी सत्रं). यूसीची अट ६० सेमिस्टर युनिट्स, म्हणजे ९० क्वार्टर युनिट्स. ऋचाची ६० म्हणजे सेमिस्टरच्या मापात ४०.

“मग उरलेली ३० उन्हाळ्यात उरकू,” बाबा लगेच म्हणाले.

दुसरी चूक मुळातली होती. शाळेत असताना ९० काय, १०० युनिट्स केली तरी यूसीच्या लेखी मुलगी फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचीच. किती युनिट्स झाली यापेक्षा ती कधी केली हे आधी बघतात. शाळा संपल्यावर कॉलेजच्या नेहमीच्या सत्रात, म्हणजे फॉल, विंटर किंवा स्प्रिंगमध्ये शिकलेला विद्यार्थी ट्रान्सफरचा. बारावीनंतरच्या सुट्टीत एखाददुसरा कोर्स केला तरी तो फ्रेशमनच राहतो.

बाबा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे दोन वर्षं हिला संध्याकाळी पोचवलं-आणलं, ते पाण्यात?”

पाण्यात नाही. यूसीत चालणाऱ्या कॉलेज कोर्सला जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना, ठराविक मर्यादेत, एक जादा गुण मिळतो. चाराचे पाच होतात. प्रवेशानंतर युनिट्स जमा होतात ती वेगळीच. आणि फ्रेशमनमध्ये मनासारखं झालं नाही तर डी अँझात एकच वर्ष काढायचं: तीन क्वार्टर, दर क्वार्टरला दहा युनिट्स, झाली ९०. इतरांना यालाच दोन वर्षं लागतात.

फक्त युनिट्सचा ढीग पुरत नाही. इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक, वर वेगवेगळ्या शाखांतले चार, सगळ्यांत किमान सी ग्रेड. शिवाय मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे कोर्स. ऋचाला कॉम्प्युटर सायन्स हवं होतं. असिस्ट नावाच्या साइटवर डी अँझा आणि हवा तो कॅम्पस निवडला की कुठला कोर्स कशाच्या बदली चालतो ते समोर येतं. आम्ही तिथेच बसून पाहिलं. तिच्या साठातली बारा युनिट्स मानसशास्त्र आणि सिनेमा यांत गेली होती. मेजरला त्यांचा उपयोग शून्य. (मला विचाराल तर तिने केलेल्यातले तेच कोर्स सगळ्यात आवडीने केलेले. पण ते बाबांना त्या दिवशी सांगण्यात अर्थ नव्हता.)

एक ताकीद मी प्रत्येकाला देते. बारावीनंतर फॉलमध्ये कम्युनिटी कॉलेजात रीतसर शिकायला लागलं की यूसीत फ्रेशमन म्हणून अर्ज करता येत नाही. तेव्हा नोव्हेंबरातला फ्रेशमनचा अर्ज आधी भरा. टॅग, म्हणजे ट्रान्सफरच्या प्रवेशाची लेखी हमी, नंतरही मागता येते. पण ती सहाच कॅम्पस देतात आणि त्यांत बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो नाहीत.

एवढा वेळ ऋचा ट्रान्स्क्रिप्टच्या कागदाचा कोपरा दुमडत होती. तिथेच ओळ होती: कॅल्क्युलस, आणि पुढे डब्ल्यू. अकरावीच्या विंटरमध्ये कोर्स मधेच सोडलेला.

“हा कोर्स लिहायलाच नको ना?” बाबा म्हणाले. “पुढच्या क्वार्टरला तिने परत केला, ए आहे.”

“लिहायचा. शाळेत असताना केला तरी ते कॉलेजचं कायमचं रेकॉर्ड आहे. लपवलेला सापडला तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.”

“मला फ्रेशमन म्हणूनच जायचंय,” ऋचा पहिल्यांदाच बोलली. “डॉर्ममध्ये राहायचंय. सगळ्यांबरोबर सुरुवात करायचीय.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग एक्सेलकडे. नोव्हेंबरात अर्ज तपासायला आला तेव्हा वर ‘फ्रेशमन’ होतं. कॅल्क्युलसच्या दोन्ही ओळी होत्या, एकीपुढे डब्ल्यू, दुसरीपुढे ए. “डब्ल्यू मीच टाइप केला,” खाली बाबांचा मेसेज होता.