वैमानिक संघटनेच्या वाटाघाटी समितीत नव्याने आलेल्या वैमानिकास

पगाराच्या तक्त्याआधी कराराचे स्कोप कलम वाचा, कारण कंपनीची कोणती उड्डाणे आपल्याच ज्येष्ठता यादीतील वैमानिकांनी करायची आणि कोणती सहयोगी कंपन्यांकडे देता येतील, हे तेच ठरवते. पगारवाढ पुढच्या करारात पुन्हा मागता येते. हातची गेलेली उड्डाणे परत मिळवणे मात्र फार जड जाते. त्या कलमात ‘शक्यतो’ किंवा ‘परिस्थितीनुसार’ असा शब्द दिसला, की तिथेच थांबून त्याची व्याख्या मागा. नोकरकपात ज्येष्ठता यादीच्या तळापासून होईल, परत बोलावताना ज्येष्ठाला आधी बोलावले जाईल आणि तो हक्क किती वर्षे टिकेल, हे सारे लेखी हवे.

ज्येष्ठतेचा खरा कस विलीनीकरणात लागतो. विमानाचा प्रकार, कॅप्टनपद, नेमणुकीचा विमानतळ, रजा या सगळ्यांची वाट ज्येष्ठता क्रमांकातूनच जाते, आणि एरवी कंपनी बदलली की तो सहसा मागेच राहतो. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या अमेरिकी विमान कंपन्या २००५ मध्ये एकत्र आल्या. दोन्ही ज्येष्ठता याद्या एकत्र करण्याबाबतच्या २००७ मधील लवादाच्या निर्णयाने यूएस एअरवेजचे अनेक जुने वैमानिक अमेरिका वेस्टच्या नवख्यांच्या खाली गेले; ते इतके दुखावले, की २००८ मध्ये संघटनाच बदलली गेली आणि दोन्ही गट वर्षानुवर्षे वेगळ्या याद्यांवर उडत राहिले. याद्या एकत्र करताना नियुक्तीची तारीख प्रमाण मानायची, की पद आणि विमानाचा प्रकार, याची चर्चा सभासदांमध्ये आताच घडवून आणा. विलीनीकरणाची बातमी आल्यावर प्रत्येक जण आधी स्वतःचा क्रमांक मोजतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही.