पालखी दारात, मी प्लांटवर

प्रश्न : काका, मी २३ वर्षांची केमिकल इंजिनीअर. गाव चिपळूणजवळ. लोट्याला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागून आठ महिने झाले. पत्रावर ड्युटी आठ तासांची, प्रत्यक्षात रोज बारा तास, कधी चौदा. साहेब म्हणतात, "आत्ता घासलंस तर पुढे सुखाने खाशील." शिमग्याला पालखी दारात आली तेव्हाही मी प्लांटवर. परवा रात्री परशुराम घाटात अ‍ॅक्टिव्हावर क्षणभर डोळा लागला, पण काही झालं नाही. एवढं राबण्याचा पुढे खरंच उपयोग होतो का?

उत्तर : अगं, घाटातलं ते वाक्य तू सहज लिहून टाकलंस, मी तिथेच अडकलो.

मी ३१ वर्षं जहाजावर काढली, चीफ इंजिनीअर होऊन उतरलो. आता गुहागरला सुपारी मोजतो. फोर्थ इंजिनीअर होतो तेव्हाची गोष्ट. १९ तास इंजिनरूममध्ये होतो. प्युरिफायर, म्हणजे इंधनातलं पाणी नि गाळ वेगळं काढणारं यंत्र, उघडून साफ केला आणि भराभर बंद केला. अलार्म वाजला, बंद केला. परत वाजला, परत बंद केला. चांगलं तेल गाळाच्या टाकीत चाललं होतं आणि मी समोर बसून चहा पीत होतो. बसवायची राहिलेली रबरी रिंग माझ्याच बॉयलरसूटच्या खिशात सापडली. दमलोय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

१९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं, तेव्हाही चौकशीत थर्ड मेटचा, म्हणजे जहाज चालवणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याचा, थकवा हे एक कारण निघालं. दर्यावर्दींना २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आमच्या रजिस्टरात हे आकडे फार देखणे असायचे. झोपेचं विचारू नकोस.

पण राबणं सगळं फुकट गेलं, असंही म्हणवत नाही. पहिल्या जहाजावर एक म्हातारा फिटर होता. त्याच्याबरोबर युनिट, म्हणजे इंजिनाचा एक सिलिंडर, काढायचं म्हणजे हेड उचला, पिस्टन वर घ्या, रिंगा बदला, लायनर मोजा. रात्र कधी सरायची कळायचं नाही. पुढे बारा वर्षांनी भर समुद्रात पिस्टन अडकून बसला, तेव्हा काय करायचं ते हातांना ठाऊक होतं. आणि त्याच पहिल्या जहाजावर शेवटचे चार महिने मी नुसता रंग मारला नि लॉगबुकं उतरवली. तास तेवढेच, कंबर तेवढीच मोडली, शिकलो काय तर ब्रश धुवायला.

म्हणून तुझ्या साहेबांचं मला निम्मंच पटतं. एक खिशातली डायरी घे. रोज डावीकडे आत गेल्याची-बाहेर आल्याची वेळ आणि उजवीकडे त्या दिवशी पहिल्यांदा काय केलंस, एवढंच लिही. रिअ‍ॅक्टर चार्ज करताना, म्हणजे त्यात माल भरताना, स्वतः उभी होतीस की आठनंतर कोणाची तरी एक्सेल शीट भरत होतीस? महिनाभराने पानं चाळ. उजवी बाजू कोरी दिसली तर तुझे जादा तास शिकण्यासाठी नाहीत. माणूस कमी आहे, ती जागा तू भरते आहेस. तीच डायरी घेऊन साहेबांकडे जा. कामगाराला ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायद्याने मिळतो, पण पत्रावर कामगार नाही असं दाखवलं की तो गुंडाळला जातो, म्हणून तुझं पत्र नीट वाच.

शिवाय जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेला हिशेब आहे : आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५-४० तासवाल्यांपेक्षा ३५ टक्के जास्त. तुझे बारा गुणिले सहा म्हणजे ७२ झाले.

डायरीला महिना लागेल, घाटाचं मात्र आजच. उशीर झाला की अ‍ॅक्टिव्हा कंपनीतच ठेव आणि कंपनीची गाडी माग. नाही दिली तर घरून कोणाला तरी बोलाव. कुरकुरत येतील, येऊ देत.