रजिस्टरात एक रकाना वाढव

प्रिय सिस्टर,

(तुला सिस्टर म्हणायची मला अजून सवय नाही, पण आता म्हणायलाच हवं.) बालरुग्ण वॉर्डाची इन्चार्ज झालीस, फार बरं वाटलं. तुझी तक्रारही वाचली: पोस्टरं लावून झाली, डिस्चार्जच्या वेळी आयांना चार गोष्टी सांगून झाल्या, तरी भाजलेली, पडलेली, काहीबाही गिळलेली मुलं येतच राहतात.

येणारच. पोस्टरं राहू देत भिंतीवर, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नकोस. ‘मुलाकडे लक्ष द्या’ हा आपल्या व्यवसायातला सगळ्यात फुकटचा सल्ला आहे. नुकत्याच चालू लागलेल्या मुलावर सतत नजर ठेवणं कुणाच्याच हातचं नाही. आपल्याही नाही, म्हणून तर वॉर्डात आपण पाळण्यांचे कठडे वर करून ठेवतो. मग घरी गेल्यावर त्या आईनं नुसत्या नजरेवर निभवावं, ही अपेक्षा कसली?

गरम पाण्याचंच बघ. 60 अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाची कातडीसुद्धा पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. 49 अंशांना तेवढीच इजा व्हायला काही मिनिटं लागतात. मुलांची त्वचा पातळ, त्यांना वेळ आणखी कमी मिळतो. गीझरचं तापमान एकदा खाली आणून ठेवलं की रोजच्या धास्तीचा बराच भार उतरतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं 1983 मध्ये कायदाच केला, की नवा गीझर 49 अंशांवर लावूनच द्यायचा. पुढच्या काही वर्षांत नळाच्या पाण्यानं भाजून दाखल होणारी मुलं कमी झाली. मुलांना न उघडणारी औषधांच्या बाटल्यांची झाकणं याच जातीची. आईनं लक्षात ठेवायच्या गोष्टींची यादी आधीच लांबलचक आहे. तीत भर घालण्याआधी त्यातलं काय कमी करता येईल ते बघ.

आता तुझं काम. तुझ्या ॲडमिशन रजिस्टरात ‘भाजणे’, ‘डोक्याला मार’ एवढंच लिहिलेलं असणार. शेजारी एक रकाना वाढव: कुठं झालं, कसं झालं, कोणत्या वस्तूनं, किती उंचीवरून. डॉक्टर निदान लिहून पुढच्या पेशंटकडे जातात. सगळी हकिगत ऐकू येते ती ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला, आणि ड्यूटी संपली की ती तिच्याबरोबरच घरी जाते. ती कागदावर उतरवून घेणं हे माझ्या मते इन्चार्जचं पहिलं काम, ऑफ-ड्यूटीचा तक्ता लावण्याच्याही आधीचं. विचारताना ‘तुम्ही कुठे होतात?’ असं विचारू नकोस. ‘तेव्हा खोलीत काय काय होतं?’ असं विचार. आई स्वतःला बोल लावतच असते, त्यात आपली भर नको. अपवाद तुला ठाऊक आहे: हकिगत आणि जखम जुळत नसेल, किंवा अजून पालथंही न पडणाऱ्या बाळाच्या अंगावर काळंनिळं दिसलं, तर नोंदीवर थांबायचं नाही. त्याच पाळीत वरिष्ठांना आणि बालसंरक्षणाचं काम पाहणाऱ्यांना कळवायचं.

महिन्याच्या बैठकीत त्यातली एकच केस घे आणि अपघातांतल्या इजांचा अभ्यास करणारे अमेरिकी डॉक्टर विल्यम हॅडन यांचा तक्ता फळ्यावर काढ. आडव्या ओळी तीन: घटनेआधी, घटनेच्या वेळी, घटनेनंतर. उभे रकाने मूल, वस्तू आणि परिसर यांचे. बघशील, सगळ्याजणी आधी ‘मूल’ याच रकान्यात लिहायला धावतील. बाकीच्या चौकटी भरेपर्यंत कुणाला उठू देऊ नकोस.

न्यूयॉर्कमध्ये खिडक्यांतून मुलं पडायची, तिथं नोंदींनी काय होतं ते दिसलं. 1972 मध्ये शहराच्या आरोग्य खात्यानं ‘चिल्ड्रेन कान्ट फ्लाय’ ही मोहीम काढली. कुणी मूल पडलं की इमर्जन्सीतून आणि पोलिसांकडून खात्याला खबर जायची, सार्वजनिक आरोग्य नर्स त्या घरी जायची, लहान मुलं असलेल्या घरांना खिडक्यांचे संरक्षक गज फुकट दिले जायचे. 1976 मध्ये गज बसवणं घरमालकांवर बंधनकारक झालं.

आजारांचंही तसंच आहे. त्याच शहरात 1902 साली शाळांत तपासणारे डॉक्टर खुपऱ्या, नायटा, उवा दिसलेल्या मुलांना घरी पाठवत, आणि घरी उपचार करणारं कुणी नसे. गरीब वस्त्यांत घरोघरी नर्सिंगचं काम उभारणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी लीना रॉजर्स या नर्सला महिनाभर प्रयोगादाखल शाळांत पाठवलं. ती शाळेतच उपचार करी, घरी जाऊन आईला ते करून दाखवी. प्रयोग पटला, आणखी नर्स नेमल्या गेल्या. 1902च्या सप्टेंबरात दहा हजारांवर मुलं घरी पाठवली गेली होती. पुढच्या सप्टेंबरात सुमारे 1,100. तुझ्या वॉर्डात सुरुवात लसीकरण कार्डापासून कर. हात मोडून आलेल्या मुलाचंही कार्ड बघायचं, राहिलेला डोस डिस्चार्जआधी द्यायची सोय करायची. गोवर रोखायला 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. सर्दी आहे म्हणून परत पाठवलेलं एकेक मूल तिथं महागात पडतं.

एक सावधगिरीची गोष्टही सांगते. रडणाऱ्या बाळाला हिसके देऊन झालेल्या मेंदूच्या इजा कमी व्हाव्यात म्हणून न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात प्रसूती वॉर्डातल्या नर्सेस घरी सोडण्याआधी आईवडिलांना समजावून सांगत. अशा केसेस जवळपास निम्म्या झाल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. तोच कार्यक्रम पेनसिल्व्हेनियात राज्यभर केला, तेव्हा दाखल होणाऱ्या बाळांची संख्या काही कमी झाली नाही; ते 2017 मध्ये त्याच संशोधकांनी छापलं. मला दुसऱ्या अहवालाचं जास्त कौतुक आहे. किती पत्रकं वाटली याचा हिशेब वरच्यांना आवडतो, तो दे. स्वतःसाठी मात्र नव्या रकान्यातले आकडे बघ, आणि ते हलले नाहीत तर तसं लिहून ठेव.

सगळंच एकदम हाती घेऊ नकोस. वर्षाला एक विषय पुष्कळ झाला. कोणता घ्यायचा ते तीन महिन्यांच्या नोंदी सांगतील; मला त्या वाचायला पाठव.

तुझी,
जुनी मेट्रन

ता. क. एक विषय मात्र तीन महिने थांबू शकत नाही. गोल चपटी बॅटरी गिळल्याचा नुसता संशय असला तरी मूल रांगेत बसवायचं नाही, लगेच एक्स-रे. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं, आणि मूल वरून अगदी ठीक दिसतं. उलटी करवायची नाही. एक वर्षावरच्या मुलाला, गिळल्यापासून बारा तासांच्या आत, वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, पण त्यासाठी निघायला उशीर नको. रिसेप्शनवर बसणाऱ्यांनाही हे शिकव. मूल आधी त्यांच्याच समोर येतं.