समुद्रात गेलेल्यांची तिथी

टोरांटो

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

'खुकरीवरच्या लोकांचे देहच मिळाले नाहीत, मग अशांचं श्राद्ध आपल्यात करतात तरी कसं?' असं विचारलंस. आधी खुकरीचं सांगते.

9 डिसेंबर 1971, भारत-पाकिस्तान युद्ध चालू होतं. रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून साधारण 40 सागरी मैलांवर, 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीनं आयएनएस खुकरी या आपल्या युद्धनौकेवर टॉर्पेडो (पाण्याखालून जाणारं स्फोटक अस्त्र) सोडला. काही मिनिटांत बोट तळाला. 18 अधिकारी, 176 नौसैनिक गेले. खुकरीचे कप्तान मुल्ला यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, लेफ्टनंट व्ही. के. जैन यांचं क्वचितच कुणी घेतं.

हा तरुण विद्युत अधिकारी खुकरीच्या सोनारवर काम करत होता. (दागिने घडवणारा सोनार नव्हे गं!) पाण्यात आवाज सोडायचा आणि पाणबुडीवर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपायचा, ते हे यंत्र. त्याची पोच वाढवणारं उपकरण जैन यांनी बनवलं होतं आणि ते खुकरीवर बसवलेलं होतं. पण बोट जोरात निघाली की तिच्याच पंख्याची घरघर आणि पाण्याचा खळखळाट तो क्षीण प्रतिध्वनी गिळून टाकतो. म्हणून वेग कमी ठेवायचा. आणि हळू चाललेली बोट पाणबुडीला आयतीच सापडते. हंगोरला खुकरीपेक्षा लांबचं ऐकू येत होतं. माझ्या मते दोष उपकरणाचा नाही. जुन्या सोनारच्या भरवशावर खुकरीला पाणबुडीमागे धाडणंच चुकलं.

आता रीत. देह नसला की पालाशविधी करतात. दर्भावर पळसाच्या 360 देठांची माणसाएवढी आकृती मांडायची, डोक्याच्या जागी नारळ, आणि तिलाच अग्नी द्यायचा. दहावं-तेरावं मग नेहमीसारखं.

वर्षश्राद्ध तिथीला, तारखेला नाही. 9 डिसेंबर धरून बसलं की हमखास चुकतं. तो दिवस मार्गशीर्ष वद्यातला, नेमकी तिथी त्या वर्षीच्या पंचांगात बघायची. उत्तरेकडे त्याच पंधरवड्याला पौष म्हणतात, तिथेही गोंधळ होतो.

शिवाय पितृपक्षातली चतुर्दशी खास शस्त्रानं गेलेल्यांची. पंचांगात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' छापलेलं असतं. त्या दिवशी पिंड एकच, फक्त त्या माणसाचा. चतुर्दशीलाच पण अंथरुणावर गेलेल्यांचं त्या दिवशी करत नाहीत, त्यांना अमावास्या.

इथं पुण्याचं कॅलेंडर जसंच्या तसं चालत नाही. सप्टेंबरात आपण साडेनऊ तास मागे. पुण्यात संध्याकाळी सहाला लागलेली तिथी इथं सकाळी साडेआठलाच लागते, आणि श्राद्धाला दुपारची तिथी लागते. म्हणजे पुण्यात उद्या, आपल्याकडे आजच. टोरांटोचं पंचांग काढून बघ.

तुझी आई