जर्मनीत एकाच ऑफिसात असलेली नवी सहकारी आवडते. तिचं मन कसं जिंकावं?

ती नुकतीच आली असेल तर आधी कागदपत्रांत मदत करा. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्याला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. टपालपेटीवर तिचं आडनाव लगेच लावायला सांगा. ते नसेल तर पत्र परत जातं, टपालाने येणारा कर-क्रमांक अडकतो आणि पगारातून सहाव्या वर्गाचा, सर्वांत जास्त, कर कापला जाऊ शकतो.

नोंदणीला सोबत जा, पण फॉर्म तिलाच भरू द्या. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी सामानाला निघताना तिलाही विचारा. असं महिनोन्महिने चालू द्या. केलेल्या मदतीची आठवण करून दिलीत की तिला ओझं वाटणारच. मनातलं एकदाच, ऑफिसबाहेर सांगा. नाही म्हणाली तरी हाती घेतलेलं काम अर्धवट सोडू नका. तुम्ही तिचे वरिष्ठ असाल, तर मात्र यात पडूच नका.